‘टीबी गोल्ड’: लहान मुलांच्या क्षयनिदानात ही रक्तचाचणी कितपत उपयोगी पडते?

ज्या चाचणीविषयी हे लिहीत आहे तिचे पूर्ण नाव ‘क्वांटिफेरॉन टीबी गोल्ड प्लस’ असे आहे. मात्र आमच्या भागात डॉक्टर, लॅबवाले आणि आता पालकसुद्धा तिला नुसते ‘टीबी गोल्ड’ म्हणतात. मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. गेल्या दहाएक वर्षांत या चाचणीचे रिपोर्ट हाती धरून आलेले पालक मी पुष्कळ पाहिले, काही मुलांसाठी ती मी स्वतःही लिहून दिली आणि काही वेळा लिहून दिल्याचा पश्चात्तापही केला. दोन हजारांहून अधिक रुपये मोजून मिळणाऱ्या या वस्तूचे परीक्षण मोबाइल किंवा मिक्सरच्या परीक्षणाइतके तरी नीट व्हायला हवे, असे मला वाटते.

नावातल्या ‘गोल्ड’ने अर्धे काम आधीच केलेले असते. सोने म्हटले की आपल्याकडे शंका संपते. एका आजोबांनी मला सरळ विचारले होते, “डॉक्टर, साधी नको, ती सोन्याची तपासणी करा, पैशांचं बघतो मी.” वैद्यकात एखाद्या रोगाच्या निदानाची जी सर्वांत विश्वासार्ह कसोटी असते तिलाही सुवर्णमानक म्हणतात, त्यामुळे कित्येक शिकलेल्या पालकांचाही असा समज होतो की क्षयरोगाचे सुवर्णमानक म्हणजेच ही चाचणी. प्रत्यक्षात ते मानक म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातून क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवणे, म्हणजे कल्चर. ‘टीबी गोल्ड’मध्ये जंतू कोठेच शोधला जात नाही. जंतूची आठवण तेवढी शोधली जाते, आणि या चाचणीचे गुण व दोष दोन्ही त्या एका गोष्टीतून निघतात.

ही आठवण कशी शोधतात ते थोडे सविस्तर सांगतो, कारण रिपोर्टवरचे आकडे त्याशिवाय कळत नाहीत. शरीराची क्षयाच्या जंतूंशी एकदा गाठ पडली की रक्तातल्या टी पेशींपैकी काही त्याला ओळखायला शिकतात, आणि पुढे त्या जंतूची प्रथिने पुन्हा समोर आली की या पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचे रसायन सोडतात. चाचणीत मुलाचे रक्त चार लहान नळ्यांत प्रत्येकी साधारण एक मिलिलिटर घेतले जाते. राखाडी टोपणाच्या नळीत पेशींना डिवचणारे काहीच घातलेले नसते. मुलाच्या रक्तात मुळातच किती इंटरफेरॉन आहे ते तिच्यावरून कळते. हिरव्या आणि पिवळ्या टोपणाच्या नळ्यांच्या आतल्या बाजूस ईसॅट ६ आणि सीएफपी १० या क्षयजंतूच्या दोन प्रथिनांचे तुकडे लावलेले असतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत मिटोजेन असते. हा पदार्थ कोणत्याही सुदृढ माणसाच्या टी पेशींना डिवचतो आणि तो मुळात राजम्याच्या जातीच्या घेवड्याच्या बियांतून मिळतो. या चारही नळ्या ३७ अंश सेल्सिअसला १६ ते २४ तास ठेवून मग प्रत्येकीतले इंटरफेरॉन मोजतात. हिरव्या किंवा पिवळ्या नळीतल्या आकड्यातून राखाडीतला आकडा वजा केल्यावर ०.३५ किंवा त्याहून अधिक उरले, आणि ही उरलेली रक्कम राखाडीतल्या आकड्याच्या निदान २५ टक्के भरली, तर रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येतो. जांभळ्या नळीतही पेशी हलल्या नाहीत आणि क्षयाच्या नळ्यांतही काही दिसले नाही, तर ‘अनिर्णित’ येतो, कारण पेशी झोपलेल्या असताना त्यांना काही आठवले नाही या गोष्टीला अर्थ राहत नाही.

या तंत्राचा जन्म माणसांच्या दवाखान्यात झाला नाही, हेही जाता जाता सांगण्याजोगे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या सरकारी संशोधन संस्थेने गाईगुरांमधला क्षय शोधण्यासाठी ते विकसित केले. पुढे सेलेस्टिस या तिथल्याच कंपनीने ते माणसांसाठी आणले, २००१ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये कायाजेन या कंपनीने सेलेस्टिस विकत घेतली. गोठ्यातला प्रश्न ‘या कळपात जंतू शिरला आहे का’ असा असतो. संसर्ग झालेले जनावर वेगळे काढले की काम भागते, ते आज आजारी आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही. मुलाच्या बाबतीत नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो.

आधी चांगले बोलतो, कारण ही चाचणी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मुलाला जन्मतः बीसीजी टोचलेले असते. हाताच्या कातडीवर टोचायच्या मॅन्टू चाचणीत जे प्रथिनांचे मिश्रण वापरतात, त्यातली बरीच प्रथिने बीसीजीच्या जंतूतही असतात; म्हणून मॅन्टूला गाठ उठली तर ती खऱ्या संसर्गाने की लसीने, असा वाद राहतो. ईसॅट ६ आणि सीएफपी १० तयार करणारा जनुकांचा भाग बीसीजीच्या जंतूतून गळून गेलेला आहे, त्यामुळे ‘टीबी गोल्ड’ला लस फसवू शकत नाही. वातावरणात आढळणाऱ्या क्षयसदृश जंतूंपैकी कान्सासीसारखे मोजके सोडले तर बाकीचेही तिला फसवत नाहीत. शिवाय मॅन्टूसाठी मुलाला दोनदा आणावे लागते, एकदा टोचायला आणि ४८ ते ७२ तासांनी वाचायला. आमच्याकडे वाडीवस्तीवरून येणारी आई दुसऱ्यांदा येतेच असे नाही. आली तरी कधी चौथ्या दिवशी येते. गाठ वाचणारा माणूस लालीचा व्यास मोजतो की कडकपणाचा, यावरही निकाल बदलतो. मोजायचा असतो तो कडकपणा, मोजली जाते बहुधा लाली. किती युनिटांचे द्रव्य टोचले हे मॅन्टूच्या कागदावर बहुतेक वेळा लिहिलेलेच नसते. हे सगळे रक्तचाचणीत टळते, एकदा रक्त दिले की पालक मोकळे होतात.

तरीही बीसीजीचा मुद्दा विक्रीच्या पत्रकात असतो तितका वजनदार नाही, हे नमूद केले पाहिजे. जन्मतः दिलेल्या बीसीजीचा मॅन्टूवरचा परिणाम वयाबरोबर ओसरत जातो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातावर सोळा मिलिमीटरची कडक गाठ उठली असेल तर तिचे खापर सहसा लसीवर फोडता येत नाही. आपल्याकडे मॅन्टूसाठी दहा मिलिमीटरची मर्यादा धरतात, ती काळजीपूर्वक वाचली तर जवळपास तीच माहिती पुष्कळ कमी पैशांत मिळते. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०७ मध्ये मुलांच्या कातडीवर जे करून पाहिले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये शार्ल मॅन्टू यांनी ज्याला आजचे रूप दिले, ते शंभर वर्षांनंतरही पूर्णपणे मोडीत निघालेले नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो, आणि ती चाचणीपेक्षा तिच्या वापराविषयी अधिक आहे. क्षयाचा संसर्ग होणे आणि क्षयरोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू शरीरात शिरतो, शरीर त्याला कोंडून ठेवते आणि बहुसंख्य माणसे त्याच्यासह निरोगी आयुष्य काढतात. २०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात क्षयाचे जे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले, त्यात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांना असा संसर्ग झालेला आढळला. ‘टीबी गोल्ड’ पॉझिटिव्ह येणे म्हणजे हा संसर्ग कधीतरी झाला असावा, एवढेच. जंतू आज कोंडलेला आहे की मोकाट सुटला आहे, हे तिला सांगता येत नाही; इंटरफेरॉनचा आकडा मोठा आला म्हणून आजार मोठा असेही नसते. उलट बाजूने, चाचणी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण क्षयरोग झालेल्या मुलांपैकी काहींमध्ये ती निगेटिव्ह येते आणि हे प्रमाण नेमके अशा मुलांत वाढते ज्यांच्या बाबतीत चूक परवडत नाही: तान्ही बाळे, कुपोषित मुले, एचआयव्हीबाधित मुले, आणि ज्यांचा क्षय मेंदूपर्यंत किंवा सर्व शरीरभर पसरला आहे अशी मुले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच आपल्यासारख्या देशांसाठी सांगून ठेवले आहे की प्रत्यक्ष क्षयरोगाच्या निदानासाठी या चाचण्या वापरू नयेत, आणि भारतातल्या क्षयोपचाराची जी मानके २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली त्यांतही हेच आहे. तरीसुद्धा तीन आठवडे ताप असलेल्या मुलाच्या तपासण्यांच्या यादीत ही चाचणी आज सर्रास असते.

दोन मुलांविषयी सांगतो. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिली मुलगी सात वर्षांची होती. महिना-दीड महिना खोकला होता, रात्री आणि पहाटे अधिक. वजन उत्तम, भूक उत्तम, ताप नाही. कोणीतरी ‘टीबी गोल्ड’ करवली, ती पॉझिटिव्ह आली आणि क्षयाची औषधे सुरू झाली. दोन महिन्यांनी खोकला तसाच राहिला म्हणून ती माझ्याकडे आली. तिच्या छातीत शिट्टी वाजत होती. तिला दमा होता, जो पंपाने आठवड्याभरात आटोक्यात आला. तिची चाचणी खोटी नव्हती. चौकशी केल्यावर कळले की तीन वर्षांपूर्वी घरातल्या काकांना क्षय झाला होता आणि तेव्हाच तिला संसर्ग झाला असावा. चाचणीने विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले होते, पण तो प्रश्न त्या खोकल्याचा नव्हता. दरम्यान घरात आईने तिची भांडी वेगळी केली होती आणि शाळेत न सांगता तिला घरी ठेवले होते, हे रिपोर्टच्या कोणत्याही रकान्यात येत नाही.

दुसरा मुलगा ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला, चौदा महिन्यांचा, वजन सहा किलोच्या आसपास. कारखान्याच्या हंगामात बीडकडची कुटुंबे आमच्याकडे कोप्या टाकून राहतात, त्यांपैकी एक. बाळ दोन-अडीच आठवडे तापाने फणफणत होते. कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेऊन ‘टीबी गोल्ड’चे पैसे भरले, रिपोर्टसाठी चार दिवस थांबले आणि रिपोर्ट आला तो ‘अनिर्णित’: जांभळ्या नळीतल्या पेशीसुद्धा जाग्या झाल्या नव्हत्या. कुपोषणाने आणि आजाराने खंगलेल्या बाळात हे अपेक्षितच असते. छातीचा एक्स-रे, जो पहिल्याच दिवशी तुलनेने अगदी थोड्या पैशांत झाला असता, तो पाचव्या दिवशी काढला आणि दोन्ही फुप्फुसांवर बाजरीचे दाणे उधळल्यासारखे ठिपके दिसले. या प्रकारच्या क्षयाला इंग्रजीत जे नाव आहे ते लॅटिनमधल्या भरड धान्याच्या नावावरूनच पडलेले आहे. आमच्या भागात तो दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पोटातल्या द्रावाच्या नमुन्यात सीबीनॅट या, जंतूचे जनुक थेट शोधणाऱ्या यंत्रतपासणीने जंतू सापडला. मुलगा वाचला. पण त्या चार दिवसांत जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला असता तर काय, हा विचार मला पुढे कितीतरी दिवस सतावत राहिला. क्षयाची औषधे निघण्याच्या आधीच्या काळातल्या निरीक्षणांवरून असे दिसते की संसर्ग झालेल्या एक वर्षाखालील बाळांपैकी जवळपास निम्म्यांना, काहीच उपचार झाले नाहीत तर, रोग होत असे आणि दहा ते वीस टक्क्यांना मेंदूचा किंवा सर्वांगी क्षय होत असे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांत रोगाचे हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास उतरते. थोडक्यात, ज्या वयात वेळ सर्वांत मोलाचा असतो त्याच वयात ही चाचणी सर्वांत कच्ची पडते. अमेरिकेतल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनीही पाच वर्षांखालील निरोगी मुलांसाठी रक्तचाचणीऐवजी कातडीवरची चाचणी सुचवली होती.

सेवा म्हणून पाहिले तर आणखी काही गोष्टी नोंदवायला हव्यात. वर्षाच्या बाळाकडून चार मिलिलिटर रक्त घेणे अशक्य नसते, पण सोपेही नसते. प्रत्येक नळीत रक्त साधारण ०.८ ते १.२ मिलिलिटर इतकेच असावे लागते, कमी-जास्त झाले की प्रथिनांचे प्रमाण बिघडते. रक्त घेतल्यावर नळी दहा वेळा नीट हलवावी लागते, म्हणजे आतल्या बाजूला लागलेली प्रथिने रक्तात मिसळतात. फार जोरात हलवली तर तेही बाधते. आणि सामान्य तापमानाला ठेवलेले रक्त सोळा तासांच्या आत उबवणीच्या यंत्रात जावे लागते, कारण पेशी जिवंत असणे हाच तर सगळा आधार आहे. तालुक्याच्या गावातून पुण्यापर्यंत नमुना नेणारी गाडी एप्रिलच्या उन्हात घाटात अडकली की काय होते ते मी पाहिलेले आहे. एका शनिवारी माझ्याकडून गेलेले तीन नमुने दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. तिन्हींचे रिपोर्ट मात्र यथास्थित छापून आले, त्यांतले दोन ‘अनिर्णित’. नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता यंत्रात ठेवला या दोन्ही वेळा रिपोर्टवर नव्हत्या. त्या संकलन केंद्राला मी फोन केला तेव्हा पैसे परत मिळाले, पण मुलांच्या हातातले रक्त परत मिळत नाही. तेव्हापासून शुक्रवारनंतर मी ही चाचणी पाठवत नाही आणि पालकांनाही सांगतो की शक्य असेल तर जिथे उबवणीची सोय जागेवर आहे तिथेच जाऊन रक्त द्यावे.

०.३५ या आकड्याविषयीही थोडी समज असावी. हा आकडा पुसट जागी ओढलेली रेघ आहे. त्याच माणसाचे रक्त काही दिवसांनी पुन्हा तपासले तर आकडा थोडा वर-खाली होतोच, म्हणून ०.३९ चे पॉझिटिव्ह आणि ०.२९ चे निगेटिव्ह यांत डॉक्टरने फार मोठा फरक मानू नये. माझ्याकडच्या एका मुलाचे तीन आठवड्यांच्या अंतराने असेच दोन रिपोर्ट आले आणि वडिलांना वाटले की मधल्या काळात दिलेल्या काढ्याने क्षय बरा झाला. ज्या रिपोर्टवर चारही नळ्यांचे आकडे दिलेले नसतात, नुसते ‘पॉझिटिव्ह’ वा ‘निगेटिव्ह’ असते, तो मी अपुरा समजतो आणि आकडे मागवून घेतो. संसर्ग नुकताच झाला असेल तर पेशींना शिकायला दोन ते दहा आठवडे लागतात, त्यामुळे आजीला क्षय झाल्याचे आज कळले म्हणून नातवाची चाचणी आजच केली आणि ती निगेटिव्ह आली, तर तिच्यावर निर्धास्त होऊ नये. गोवराची लस नुकतीच झाली असेल तर चाचणी चार ते सहा आठवडे पुढे ढकलावी किंवा लसीच्या दिवशीच रक्त घ्यावे.

याच कुळातली दुसरी चाचणी टी-स्पॉट नावाची आहे, मुळात इंग्लंडमधल्या कंपनीची. तिच्यात रक्तातल्या पेशी धुऊन, मोजून, ठरावीक संख्येने घेतात आणि इंटरफेरॉन सोडणारी प्रत्येक पेशी एका ठिपक्याच्या रूपाने मोजतात. पेशी मोजूनच घेतल्यामुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांत तिचा थोडा फायदा होऊ शकतो. आमच्याकडे ती मिळवणे इतके दुर्मीळ की तिच्यावर अनुभवाने काही लिहिण्याचा मला अधिकार नाही. संसर्ग आणि आजार वेगळे न करता येण्याची मर्यादा मात्र तिचीही तीच.

एक गोंधळ आधी दूर करतो. काही पालक अजूनही ‘टीबीची आयजीजी-आयजीएम’ मागतात. ती चाचणी वेगळी होती. रक्तातली क्षयविरोधी प्रतिपिंडे मोजणाऱ्या त्या चाचण्या एके काळी आपल्याकडे धूमधडाक्यात विकल्या जात, पण त्यांचे निकाल इतके बेभरवशाचे होते की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असे स्पष्ट बजावले आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या उत्पादनावर, विक्रीवर, आयातीवर आणि वापरावर बंदी घातली. ‘टीबी गोल्ड’वर अशी बंदी नाही आणि ती असण्याचे कारणही नाही. परंतु ‘रक्तातून टीबी कळतो’ ही जी सवय त्या जुन्या चाचण्यांनी डॉक्टरांना आणि पालकांना लावली, तिच्याच रिकाम्या खुर्चीवर ‘टीबी गोल्ड’ येऊन बसली आहे, असे मला राहून राहून वाटते.

मग तापलेल्या, वजन घटलेल्या मुलाच्या पालकांनी पैसे आणि वेळ कोठे खर्च करावा? दोन आठवड्यांहून अधिक ताप किंवा खोकला, घटलेले किंवा वाढायचे थांबलेले वजन, आणि गेल्या दोन वर्षांत घरात, शेजारात किंवा गाडीवर रोज नेणाऱ्या रिक्षाकाकांना क्षय झाला होता का, ही विचारपूस फुकट असते आणि तिच्याइतके उपयोगी यंत्र अजून निघालेले नाही. त्यानंतर छातीचा एक्स-रे. त्यानंतर जंतूचा थेट शोध. मुले बेडका काढत नाहीत, गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नळी घालून पोटातला द्राव काढतात आणि तो सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासतात. ट्रूनॅट हे गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे यंत्र आहे, बॅटरीवर चालते, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. लोडशेडिंगच्या गावात हे केवढे मोलाचे आहे ते वेगळे सांगायला नको. आता मुलाच्या शौचाचा नमुनाही सीबीनॅटवर चालतो, त्यामुळे नळीचा त्रास काही मुलांना टाळता येतो. मुलांच्या आजारात जंतू थोडे असतात, म्हणून या तपासण्याही निम्म्याहून अधिक वेळा हात हलवत परत पाठवतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी त्यांत जंतू सापडला तर प्रश्न संपतो, आणि कोणत्या औषधाला तो दाद देत नाही याचाही अंदाज लागतो. सरकारी क्षयरोग केंद्रात हे सारे मोफत होते. खासगीत रक्त देऊन आलेल्या किती पालकांना हे ठाऊक नसते, ते पाहून मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते. या सर्वांतून गेल्यावरही शंका उरली तर मॅन्टू किंवा ‘टीबी गोल्ड’ हे पारड्यात टाकायचे मासाभर अधिकचे वजन आहे. तराजू मात्र नव्हे.

मी स्वतः ही चाचणी आनंदाने लिहून देतो अशीही मुले आहेत. सांधेवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी नवी इंजेक्शने सुरू व्हायची आहेत किंवा मूत्रपिंडाचे रोपण व्हायचे आहे, अशा मुलात कोंडलेला जंतू आहे का, हाच नेमका प्रश्न असतो. आणि त्या मुलाला लक्षणे नसतात. अशा वेळी औषधे सुरू होण्यापूर्वी केलेली ‘टीबी गोल्ड’ पैसे वसूल करते. घरात क्षयाचा रुग्ण आहे आणि मूल पाच वर्षांपेक्षा मोठे व ठणठणीत आहे, तर त्याला प्रतिबंधक औषध द्यायचे का हे ठरवायलाही तिची मदत होते. चाचणीची सोय नसेल तर केवळ तेवढ्यासाठी औषध अडवू नये, असे आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२१ च्या सूचनांत म्हटले आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र रोग नाही याची खात्री झाली की चाचणीविनाच प्रतिबंधक औषध द्यायचे असते. तिथे रक्त काढण्याचे कारणच नाही. आणि अमेरिकेला कायमच्या वास्तव्यासाठी निघालेल्या कुटुंबांतल्या दोन वर्षांवरील मुलांना व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत अशी रक्तचाचणी द्यावीच लागते. मुंबईतून तपासणी करून आलेले माझ्या ओळखीचे एक कुटुंब धाकट्याच्या पॉझिटिव्ह रिपोर्टने हादरून गेले होते. एक्स-रे स्वच्छ होता, मूल खेळत होते, आणि त्याला आजार नाही हे समजावण्यातच माझा अर्धा तास गेला.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणलेली साय-टीबी ही कातडीवरची नवी चाचणी याच दोन प्रथिनांवर बेतलेली आहे: मॅन्टूसारखी टोचायची, पण बीसीजीला न फसणारी, आणि नळ्या, उबवणी, गाडी यांची कटकट नसलेली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या जातीच्या चाचण्यांना मान्यता दिली. दोनदा यावे लागणे हा मॅन्टूचा दोष तिच्यातही आहेच, आणि संसर्ग व आजार तीही वेगळे करीत नाही. तरी आमच्यासारख्या गावांना ती अधिक मानवेल असे मला वाटते. माझ्या दवाखान्यात मुलांसाठी ती अद्याप मला वापरता आलेली नाही, त्यामुळे तिच्याविषयी इतकेच.

गेल्या महिन्यात एक वडील मुलाला घेऊन आले होते. त्याच्या मानेतल्या गाठींतून सुईने काढलेल्या नमुन्यात जंतू सापडला होता, सहा महिन्यांची औषधे पूर्ण झाली होती, गाठी विरल्या होत्या, वजन चार किलोंनी वाढले होते. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. खात्री असावी म्हणून त्यांनी स्वतःच बाहेरून ‘टीबी गोल्ड’ करून आणली होती, ती अजून पॉझिटिव्हच होती, आणि औषधे पुन्हा सुरू करायची का हे विचारायला ते पंचवीस किलोमीटर दुचाकीवर आले होते. बरे झाल्यावरही त्या पेशी विसरत नाहीत, त्यामुळे हा रिपोर्ट पुढे कित्येक वर्षे असाच येत राहू शकतो, हे मी त्यांना सांगितले. मग मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिले: ‘उपचार पूर्ण. टीबी गोल्ड पुन्हा करू नये.’ त्यांनी त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.